एक्केचाळीस नंबरच्या शेवटच्या सहा फेऱ्यांबाबत

पुरवणी जबाब

मी, पाणीपुरवठा केंद्रातील उपअभियंता, वय ४४ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार केंद्रामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, सोबत आई व एक मुलगी, आज शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता कोणी बोलावले नसताना आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

मंगळवारच्या घटनेबाबत मी कार्यालयाला एक पानी अहवाल दिला होता. तो आमच्या कार्यकारी अभियंता साहेबांनी आपल्या तक्रारीला जोडला आहे. त्या अहवालातली एक ओळ खोटी आहे. ती दुरुस्त करण्यासाठी मी आले आहे. घडले ते क्रमाने सांगते.

आमच्याकडे रस्त्यांखाली एकूण चौसष्ट व्हॉल्व्ह आहेत. कोणत्या वस्तीला कधी पाणी सोडायचे ते त्यांवर ठरते. आजवर हे व्हॉल्व्ह हाताने उघडत असत. ते काम सहा जणांकडे आहे. लोखंडी चावी सायकलला बांधून ते फिरतात म्हणून त्यांना चावीवाले म्हणतात. त्यांतले सर्वांत जुने, वय ५७, यांना केंद्रात सगळे चावीकाका म्हणतात. तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी शिकाऊ म्हणून लागले तेव्हा पहिले तीन महिने मला चावीकाकांबरोबर फिरवले होते. चावीचे एक टोक व्हॉल्व्हवर ठेवायचे, दुसरे कानाला लावायचे आणि आत पाणी चालते की अडते हे ऐकायचे, हे त्यांनी मला शिकवले. तेव्हा ते मला पोरी म्हणत. मी अधिकारी झाले त्या दिवसापासून मॅडम म्हणू लागले. मी नको म्हटले नाही.

आठ महिन्यांपूर्वी ठरले की मोठ्या बावीस व्हॉल्व्हना मोटारी बसवायच्या आणि ते कंट्रोल रूममधून संगणकाच्या बटणावर चालवायचे. हा बदल माणसांच्या गळी उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. नेमणुकीच्या पत्रात मला 'बदल प्रमुख' म्हटले होते. मी एकूण अकरा बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत मी सांगितले की कोणाचीही नोकरी जाणार नाही. ते खरे होते. काम काय उरेल, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. एक चावीवाला म्हणाला, "म्हणजे आता पाणी उंदराच्या शेपटीला बांधणार म्हणा की." सगळे हसले. मीही हसले.

तक्रारीत म्हटले आहे की चावीकाका पहिल्यापासून बदलाच्या विरोधात होते. तसे नाही. संगणकाच्या नऊ वर्गांना त्यांची हजेरी पूर्ण आहे. ते पहिल्या बाकावर बसत. परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना स्वतःहून चहा पाजला. दोन चावीवाले काम सोडतो म्हणून अडून बसले होते. त्यांची समजूत मी घातली असे माझ्या मासिक अहवालात आहे. प्रत्यक्षात ती चावीकाकांनी घातली. ते म्हणाले होते, "अरे, गुडघे गेलेत आपले. खुर्चीत बसवून पाणी सोडा म्हणतायत, तर हातपाय कशाला आपटता?" दोघेही दुसऱ्या दिवशी वर्गाला आले.

सातव्या बैठकीत चावीकाकांनी एक्केचाळीस नंबरचा विषय काढला. हा व्हॉल्व्ह प्रसूतिगृहाच्या मागच्या गल्लीत आहे. त्याच्यापुढची लाइन जुनी, बिडाची आहे आणि प्रसूतिगृहाच्या भिंतीला लागून जाते. आमचे बोलणे असे झाले.

"मॅडम, एक्केचाळीसला मोटार किती वेळात उघडणार?"

"सगळ्यांना सारखीच. दीड मिनिट."

"तो उघडायला चावीचे साठ फेरे लागतात. मी वीस मिनिटं घेतो. शेवटी शेवटी तर फेरा द्यायचा आणि थांबायचं. एकदम सोडलं तर पाण्याचा दणका बसतो, ती लाइन तो सोसायची नाही."

मी म्हणाले, "काका, प्रत्येक व्हॉल्व्हचे लाड पुरवत बसलो तर वर्ष जाईल. तुम्ही लेखी द्या, मी बघते."

त्यांनी लेखी दिले. त्यांना लिहिण्याची फारशी सवय नाही, म्हणून सुनेकडून लिहून आणले. पत्र एक पानाचे आहे. त्यात शेवटी एक ओळ आहे की ही लाइन मागे एकदा फुटली आहे. मी ते पत्र वाचले आणि टेबलाच्या दुसऱ्या खणात ठेवले. बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिले, 'कर्मचाऱ्यांच्या सूचना ऐकून घेतल्या.' मूळ पत्र आज सोबत आणले आहे, ते हजर करते.

लाइन फुटल्याची जुनी नोंद मी घटनेनंतर, बुधवारी दुपारी, दुरुस्तीच्या वहीत शोधली. बावीस वर्षांपूर्वी प्रसूतिगृहाच्या तळमजल्यात कमरेएवढे पाणी शिरले होते. चौदा बाळंतिणी आणि बाळे जिन्याने वर नेली. नेणाऱ्यांत चावीकाकांचे नाव आहे. त्यांनी ही गोष्ट मला एकोणीस वर्षांत कधी सांगितलेली नाही.

मंगळवारी सकाळी दहा वाजता कंट्रोल रूममध्ये नव्या यंत्रणेचा पहिला दिवस म्हणून कार्यक्रम होता. पाहुणे पंचवीस-तीस होते. दहा वाजून पाच मिनिटांनी आणि दहा वाजून नऊ मिनिटांनी मला चावीकाकांचा फोन आला. मी पाहुण्यांशेजारी बसले होते. नाव पाहिले आणि फोन पालथा ठेवला. दोन्ही नोंदी माझ्या फोनमध्ये आहेत, त्या हवालदारांना दाखवल्या.

अकरा वाजता ऑपरेटरने एकेक व्हॉल्व्ह उघडायला घेतला. एक्केचाळीस आल्यावर पडद्यावर लाल खूण आली. तिने तीनदा बटण दाबले. साहेबांनी मला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितले. मी स्कूटरने निघाले आणि अकरा पंचवीसला गल्लीत पोहोचले. चेंबरचे झाकण उघडे होते. बाजूला सायकल उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडू नये म्हणून चारी बाजूंनी दोरी बांधलेली होती.

चावीकाका आत होते. त्यांनी मोटारीचा स्विच बंद करून दोन वायरी सोडवल्या होत्या. वायरी तोडल्याचे तक्रारीत लिहिले आहे, ते बरोबर नाही. त्या सोडवून टोकांना टेप गुंडाळली होती. स्क्रू त्यांच्या रुमालात बांधलेले होते आणि नंतर त्यांनी ते मोजून माझ्या हातात दिले. मोटार चालू आहे.

मी वरून ओरडले, "काका, वर या. आत्ताच्या आत्ता."

"येतो. थोडे राहिलेत."

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? तिकडे सगळे पाहुणे बसलेत."

"बसलेत तर बसू द्या. इकडे बाळंतिणी निजल्यात. त्यांना पळता येत नाही."

मी आणखीही बोलले. ते शब्द येथे लिहून घेऊ नयेत अशी विनंती केली, पण ते बोलण्यासारखे नव्हते एवढे नोंदवावे. ते नेहमीपेक्षा खूपच सावकाश फेरा देत आणि थांबत राहिले. मी दोरीजवळ उभी राहिले. माझा फोन वाजत होता.

अकरा पंचेचाळीसच्या सुमारास ते थांबले. उजवा खांदा धरून म्हणाले, "आता हात उचलत नाही. सहा राहिलेत. तुम्ही घ्याल का?"

माझ्या अंगावर कार्यक्रमाचे कपडे होते. मी शिडीने आत उतरले. चावी धरली. त्यांनी सांगितले की एक फेरा द्यायचा, मग वीस अंक मोजायचे, मग दुसरा. शेवटचे सहाही फेरे मी दिले. चौथ्यानंतर त्यांनी चावी कानाला लावून ऐकायला सांगितले. पाणी सरळ चालले होते. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. लाइन फुटली नाही. दीड मिनिटात उघडला असता तर फुटली असती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही.

वर आल्यावर चावीकाका म्हणाले, "तुम्ही आत उतरल्याचं कोणाला बोलू नका. उगाच तुमच्यावर यायचं." मी होकार दिला.

संध्याकाळी चार वाजता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते म्हणाले, "तुम्ही पोहोचलात तेव्हा व्हॉल्व्ह उघडलेलाच होता ना? तसंच असणार. एक माणूस बाजूला काढला की बाकीचे सुतासारखे सरळ होतात. आठ महिने राबलात, आता कडेला येऊन होडी बुडवू नका." मी अहवालात लिहिले, 'मी घटनास्थळी पोहोचले तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला आढळला.' हीच ती खोटी ओळ. ती लिहायला साहेबांनी माझा हात धरला नव्हता. मी स्वतः लिहिली.

त्याच संध्याकाळी चावीकाकांना कामावरून निलंबित केले.

बुधवारी मी एक्केचाळीस नंबरची मोटार वीस मिनिटांत उघडेल अशी सोय करायला ऑपरेटरला सांगितले. तिने पडद्यावर एक आकडा बदलला. या कामाला चार मिनिटे लागली. ती म्हणाली, "मॅडम, हे आधीच सांगितलं असतं तर आधीच केलं असतं." ती नवीन आहे, तिला पत्राचे ठाऊक नव्हते.

गुरुवारी सकाळी मी बारावी बैठक घेतली. उरलेले पाचही चावीवाले वेळेवर आले. मी विचारले, कोणाला काही अडचण आहे का. कोणाला नव्हती. उंदराचा विनोद करणाऱ्याला मी मुद्दाम विचारले. तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं, मॅडम." बैठक अकरा मिनिटांत संपली. साहेब म्हणाले, आता कसे सुरळीत झाले. उरलेल्या एकवीस व्हॉल्व्हमध्ये अशा लाइनी आणखी किती आहेत, हे त्या पाच जणांना माहीत आहे. मला माहीत नाही.

गुरुवारी सहा वाजता मी चावीकाकांच्या घरी गेले. दार त्यांच्या सुनेने उघडले. चावीकाका खांदा शेकत बसले होते. मी जबाब द्यायला जाणार असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "कशाला? तुमच्या घरी म्हातारी आई आहे, पोरगी शिकतेय. माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची. गेली तर गेली."

सून म्हणाली, "गेली तर गेली काय, बाबा? ती काय रस्त्यावर पडलीत?" मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "मॅडम, ते पत्र मी लिहिलं होतं. माझं अक्षर लागलं नाही का तुम्हाला?"

मी सांगितले की अक्षर चांगले आहे.

माझे म्हणणे असे की, एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह हाताने उघडणे हा गुन्हा ठरत असेल तर त्यातले चोपन्न फेरे चावीकाकांचे आणि सहा माझे आहेत. त्यांनी आधी तोंडी सांगितले, मग लेखी दिले, मग दोनदा फोन केला. ऐकायचे काम माझे होते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. या जबाबाची प्रत मी आज दुपारी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.

हवालदारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. सहा फेऱ्यांचे वाक्य ठेवायचे का, असे त्यांनी दोनदा विचारले. ठेवावे असे मी दोन्ही वेळा सांगितले. लिहिण्याच्या ओघात तीन ठिकाणी 'आरोपी' असा शब्द पडला होता. तो तिन्ही ठिकाणी खोडून 'चावीकाका' असे करून घेतले आहे व प्रत्येक खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी मजकूर मी बोलले तसाच आहे.