तळपायाची लाइन

...आणि तुम्हाला सांगतो, उभं आयुष्य वायरमनचं काम केलं, पण मला एकदाही शॉक बसलेला नाही! म्हणजे... बसले तसे. भुवया जळाल्या, एकदा तर गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातून उडालो तो थेट त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन पडलो, चपला मात्र ओट्यापाशीच! पण ते मी धरत नाही. आता अशा माणसाची शिडी कुणी कुलपात घालावी? हसू नका! सायकलची साखळी घेऊन खिडकीच्या गजाला बांधलीय, गाढव बांधतात तशी, आणि किल्ली बायकोच्या ब्लाउजात. जिवंत वायरीला मी हात लावीन, पण तिथे? छे!

झालं काय, परवा काम आटपून घरी आलो, खुर्चीत बसून चहा पितोय, आणि बघतो तर नुकत्याच पुसलेल्या फरशीवर लाल ठिपके, दारापासून ओळीनं आत आलेले. मीच ओरडलो, "अगं, कुणाला तरी लागलंय बघ!" ती आली, वाकून वाकून ठिपक्यांच्या मागे निघाली, पोलिसांच्या कुत्र्यासारखी (हे तिला सांगू नका हं) आणि माझ्याच खुर्चीशी येऊन थांबली. पाय उचलून बघते तर चपलेतून आरपार तळव्यात घुसलेला स्क्रू! मी म्हटलं, "अरे वा, हा सकाळपासून शोधतोय मी!" आता यात रडण्यासारखं काय होतं? पण रडली. आणि रडून झाल्यावर डोळे पुसले, उठली, आणि शिडी कुलपात!

"डॉक्टर 'चढा' म्हणाले तरच काढीन."

मग काय, गेलो दोघं नसांच्या डॉक्टरकडे. कोवळा माणूस, मिशीसुद्धा अजून परवानगी मागतेय अशी. मला म्हणतो, "आजोबा, नसा म्हणजे वायरिंगच समजा." मला! वायरिंग! समजा! म्हणे मेंदू म्हणजे मेन बोर्ड, त्याच्यातून जाडजूड केबल निघते, पाठीच्या कण्यातून खाली उतरते, आणि तिला फाटे फुटत फुटत पार पायाच्या करंगळीपर्यंत. काही वायरी खबर वर नेतात, गरम, गार, टोचलं, दुखलं. काही हुकूम खाली आणतात, चल, थांब, लाथ मार. "तुमच्या हुकमाच्या वायरी बऱ्या आहेत, म्हणून चालता. पण खबरीच्या जळत चालल्यात. रक्तात साखर फार वर्षं वाढलेली राहिली की लांबच्या वायरी आधी जातात, म्हणजे पायाच्या."

मी म्हटलं, "मग बुटक्या माणसांची मजा आहे की!" हसला नाही. डॉक्टर लोकांची हसण्याची वायर कॉलेजातच कापून टाकत असावेत.

आता माझ्या डोक्यात एकच, कसंही करून पास व्हायचं. तिकडे शिडी कुलपात! त्यानं गुडघ्यावर मारायला रबरी हातोडी उचलली, आणि मी असा काही पाय झाडला, असा झाडला, की त्याचं पेन उडालं. हातोडी मात्र अजून हवेतच होती. "आजोबा, हा झटका मेंदूला न विचारता येतो. खबर कण्यापर्यंत जाते आणि हुकूम तिथूनच परस्पर सुटतो. तुम्ही तर विचार करून लाथ मारलीत." लगेच शेजारून बायको, "जन्मात पहिल्यांदा विचार करून काहीतरी केलं, तेही चुकलं!"

मग म्हणे डोळे मिटा, पायाला कापूस लागला की सांगा. मी मिटले. "लागला... हा लागला... हाही लागला... अहो हळू, गुदगुल्या होतात!" डोळे उघडतो तर कापूस डब्यात, आणि डॉक्टर हाताची घडी घालून बसलेला.

दमलो बुवा. लोकांना फसवण्यात आयुष्य गेलं, आणि आता माझाच पाय मला फसवतोय, तोही तोंडातून चकार शब्द न काढता! आणि शिडी म्हणजे काय हो, बांबूचे नुसते दांडके? वर चढलो की आख्खं घर खाली तोंड वर करून उभं. कुणी मेणबत्ती धरलीय, कुणी बॅटरी, म्हाताऱ्या म्हणतात "जपून रे बाबा". मग मी वायर जोडतो, दिवा लागतो, आणि सगळे एकदम "हाऽऽ!" करतात. त्या वेळी मी कोण असतो! आणि खाली उतरलो की? वाटेत पाय पसरून बसलेला म्हातारा. सरका जरा, केर काढायचाय.

शेवटी त्यानं मला पाय जुळवून उभं केलं. उभा राहिलो, खांबासारखा. "आता डोळे मिटा." मिटले, आणि तुम्हाला सांगतो, खांब निघाला की कलायला! बायकोनं काखेत हात घालून धरला म्हणून, नाहीतर डॉक्टरच्या टेबलावरच आडवा. म्हणे माणूस तिघांच्या खबरीवर उभा असतो. एक डोळे. दुसरा कान, कानाच्या आत नळ्यांत पाणी असतं, गवंड्याच्या लेव्हलसारखं, डोकं कुठं कललं ते त्याला कळतं. आणि तिसरा पाय. "तुमच्या पायांची खबर येतच नाही. डोळे सांभाळून घेतात म्हणून निभावतंय."

आणि इथेच मी त्याला पकडला! म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मग डोळे आहेत ना शाबूत? डोळे मिटून शिडीवर चढतं कोण?"

डॉक्टरनं पेन हनुवटीला लावलं. खरंच विचारात पडला हो! म्हणाला, "तसं म्हटलं तर... चांगला उजेड असेल..."

संपलं! जिंकलो! मी वळलो आणि बायकोपुढे हात पसरला. आण किल्ली.

ती काही हलली नाही. पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली,

"अहो, दिवे लागलेल्या घरात वायरमनला बोलावतं कोण?"