दोन इस्त्र्यांइतकी वीज

नवरा : …मग कमी वीज खाणारं एखादं यंत्र दाखवा ना, मॅडम. लहान असलं तरी चालेल. पण त्याच्यावर नाणी निघाली पाहिजेत.

बायको : नाणी म्हणजे खुळखुळणारी नव्हेत हं, पोरी. यांची नाणी मोबाईलमध्ये राहतात. भाजीवाली घेत नाही.

नवरा : क्रिप्टो म्हणतात त्याला. सगळं जग कमावतंय घरबसल्या.

बायको : जग कमावतंय आणि आपण नुसते घरी बसलोय.

दुकानवाली : थांबा, काकू. काका, आधी सांगा, हे धूड कुठून आणलंत? टेबल वाकलं माझं.

नवरा : छापखान्यातल्या सोबत्याकडून. छापखाना बंद झाला तेव्हा आम्हां सगळ्यांच्या हातात एकरकमी काहीतरी पडलं. त्याने असली दोन यंत्रं घेतली, एक मला विकलं. जुनं आहे, पण चालू आहे.

बायको : चालू? पिसाळलेलं आहे! पहिल्या दिवशी लावलं तर शेजारीण विचारायला आली, घरात विमान उतरवलंत का म्हणून. मी शिवणकाम करते, पोरी. यांनी बटण दाबलं की माझा दिवा मिणमिणायचा. तिसऱ्या दिवशी फ्यूज उडाला. गिऱ्हाइकाच्या झग्याला एक बाही लागली होती, दुसरी माझ्या हातात. बाई दारात उभी, तासाभरात समारंभ!

नवरा : मेणबत्तीच्या उजेडात लावलीस ना दुसरी?

बायको : लावली. उलटी लावली.

दुकानवाली : काका, हे सव्वादोन हजार वॅट खातं. म्हणजे दोन इस्त्र्या दिवसरात्र तापत ठेवायच्या, आणि कपडा एकही नाही.

नवरा : म्हणून तर बदलायला आलो. व्हिडिओतला माणूस म्हणाला, जुन्या लॅपटॉपवरसुद्धा होतं.

दुकानवाली : होतं की. चमच्याने विहीरही उपसता येते. लॅपटॉप तापेल, बॅटरी फुगेल, आणि तुम्ही परत माझ्याकडेच याल. माझा फायदाच आहे म्हणा. हे बघा, कमी विजेचं हवं तर दोनच गोष्टी. ही पेनड्राइव्हसारखी कांडी, पाच वॅट. आणि ही तळहाताएवढी डबी, पंधरा वॅट. न्हाणीघरातल्या दिव्याएवढी. आवाज जवळजवळ नाहीच.

नवरा : आणि महिन्याला सुटतं किती?

दुकानवाली : खरं सांगू, की विकू?

बायको : खरं सांग. गळ्यात मारायचं काम ते व्हिडिओवाले करतात.

दुकानवाली : ऐका. जगभर गोदामंच्या गोदामं यंत्रं लावून लोक एकच कोडं सोडवत बसलेत. ज्याला आधी सुटेल, त्याला नाणी. त्यात ही डबी म्हणजे सोडतीचं एक तिकीट. लागलं तर घबाड, पण बहुतेक या जन्मी नाही. बाकीच्यांच्या टोळीत शिरलात तर रोजचा वाटा मिळतो. त्यातून चहा सोडा, चहाचा वाससुद्धा येणार नाही.

बायको : झालं समाधान? चला घरी.

नवरा : तू हो पुढे. मी कांडी तरी घेतो.

बायको : अहो, वासही येणार नाही म्हणतेय ती! तुम्हाला नक्की हवंय काय? घर चालतंय की माझ्या मशीनवर.

नवरा : तेच तर.

बायको : काय तेच?

नवरा : तुझं मशीन चालतं आणि मी समोर बसून बघतो. अठ्ठावीस वर्षं माझं चालत होतं. आता गिऱ्हाईक दारात येतं आणि मला विचारतं, ‘ताई आहेत का?’ रोज. मी काय दाराची बेल आहे? म्हटलं, आपलंही एक यंत्र असावं. कोपऱ्यात का होईना, चालू असावं.

बायको : मग हे मला बोलायला काय झालं होतं?

नवरा : विमान चालू होतं ना. कसा बोलणार?

(दुकानवालीने तोवर मोठ्या यंत्राचं झाकण उघडलं आहे.)

दुकानवाली : काका, हा पंखा कोणी खोलला होता?

नवरा : मीच. फार थरथरत होता. बेअरिंग झिजलेलं. दुसरं घासून बसवलं.

दुकानवाली : आणि पात्याला ही चिकटपट्टी?

नवरा : एक पातं टवका उडून हलकं झालं होतं. समोरचं जड पडत होतं. छापखान्यात रूळ असा डगमगला की अक्षरं दुहेरी उठतात. कान लावला की कळतं, तोल कुठे गेलाय.

दुकानवाली : मला नाही कळत. मी बोर्ड दुरुस्त करते, पंख्यांशी माझं हाडवैर. गोदामवाले असली यंत्रं पोत्यांनी पाठवतात, निम्म्यांत फक्त पंखा गेलेला असतो. तो खोका बघा, सगळे मेलेले. तुम्ही याल का? पंख्यामागे पैसे देईन.

नवरा : म्हणजे नोकरी? मी मालक व्हायला निघालो होतो, मॅडम.

बायको : मालक! कांडीचे!

नवरा : तू थांब गं. आणि मॅडम, मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही.

दुकानवाली : पंख्याला तरी कुठे कळतं?

नवरा : चालवून बघायला लागेल. तुमच्या शेजाऱ्यांना आवाज…

दुकानवाली : शेजारी पत्रे ठोकतात. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही.

नवरा : एक द्या इकडे. …हा? हा मेलेला नाही. घशात दोऱ्याधुळीचा बोळा आहे नुसता. टोकदार काही आहे का?

बायको : ही घ्या सुई. जाड आहे. मोडू नका, माझी आवडती आहे.

दुकानवाली : काका, धूड इथेच ठेवा. बदल्यात डबी घेऊन जा.

नवरा : आता काय करू डबी?

बायको : मला दे, पोरी. पंधरा वॅटच ना? माझ्या टेबलावर राहील. घबाड लागलं तर माझं. यांना आता वेळ कुठाय!

नवरा : फिरला बघ! फिरला! मॅडम, उद्या किती वाजता उघडता?

दुकानवाली : दहाला.

नवरा : मी साडेनऊला येतो.

बायको : नऊलाच येऊन पायरीवर बसतील, पोरी. जमलं तर ती जरा झाडून ठेव.