पक्क्यांची मोजणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खाणीचे मालक, मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले परवानगी खात्याचे पाहुणे, ज्यांचं नाव मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा क्रशर चालू होता. ज्यांना आज निरोप द्यायचा ते माझे धाकटे दीर. आणि समोर बसलेल्या खडी फोडणाऱ्या बायांनो, पहारवाल्यांनो, डंपरच्या ड्रायव्हरांनो, सगळ्यांना माझा नमस्कार. मागच्या रांगांना ऐकू येतंय का? नाही ना? मग ओरडूनच बोलते. निम्मं सभागृह सुरुंगांनी बहिरं झालंय, उरलेलं निम्मं आत्ताच्या भाषणात झोपलंय.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि काय बोलायचं त्याची चिठ्ठीही दिली आहे. मी दुसरीपर्यंत शिकलेली, चिठ्ठी सूनबाईने वाचून दाखवली. दिरांच्या कामाचं कौतुक करा, म्हणे, आणि माणूस नि निसर्ग यावर चार शब्द बोला. दारात प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एकेक रोपटं दिलंय, ते त्यासाठीच. दोन डोंगर खाल्ले आणि एकेक पिशवी वाटली. साहेब, हसा की. तुम्ही हसलात तर बाकीच्यांना हसता येईल.

आधी कौतुक. ते मनापासून करते, कारण भावजींच्या कामात खोट काढणारा माणूस या खाणीत सापडायचा नाही. तुम्ही सगळे त्यांना 'पक्के' म्हणता. का म्हणता, हे नव्या पोरींना माहीत नसेल. सुरुंग उडवायच्या दिवशी जितकी भोकं दारूने ठासली असतील, तितके खडे ते डाव्या खिशात टाकायचे. वाती पेटवून टेकाडाआड यायचे, डोळे मिटायचे. एक सुरुंग उडाला की एक खडा डाव्या खिशातून उजव्यात. डावा खिसा रिकामा झाला की शिट्टी, म्हणजे आत जायला मोकळं. एक खडा जरी उरला, तरी शिट्टी नाही. मग साहेब येऊन नाचू देत नाहीतर मुकादम शिव्या देऊ देत, सगळ्यांना बाजूला ठेवून हा माणूस एकटा आत जाणार आणि न उडालेलं भोक शोधणार. दोनदा तसे गेलेत. एकदा येताना कानातून रक्त येत होतं. मी म्हटलं, "भावजी, डॉक्टरकडे चला." तर म्हणाले, "वहिनी, खडे जमले ना? झालं मग."

आता निसर्ग. मी या खाणीत आले तेव्हा समोरासमोर दोन डोंगर होते. एक आपण फोडत होतो, दुसऱ्यावर झाडी होती. इतकी दाट, की बकरी आत शिरली तर घंटेवरून शोधावी लागायची. पहिला डोंगर कसा मेला ते तुम्ही पाहिलंय. डोंगर सुखासुखी मरत नाही. आपण त्याला भोकं पाडली, त्यात दारू ठासली, त्याचं पोट उडवलं. त्यानेही आपल्याला सोडलं नाही. एक दगड पत्रा फोडून शेजारणीच्या जबड्यावर आला. ती आजही चमच्याने पातळ खाते. विहिरीला तडा गेला त्या दुपारी आम्ही काठावर उभ्या होतो. पाणी गटागट आवाज करत खाली गेलं, कुणी आतून पीत असल्यासारखं. शेवटी तळाला मासे तडफडत राहिले. सुरुंगानंतर पाखरं पडायची, अंगावर जखम नाही, चोचीत रक्त. आम्ही ती झाडूने गोळा करायचो आणि पुन्हा खडी फोडायला बसायचो. रडलो बिडलो नाही. उगाच खोटं कशाला बोलू?

मग दुसरा डोंगर घ्यायचा ठरला. नऊ वर्षं झाली. झाडं तोडायला पंधरा दिवस लागले. करवती चालू झाल्या तशी जनावरं रस्त्यावर आली आणि डंपरखाली गेली. एक एवढी मोठी घोरपड चाकाखाली अर्धी झाली, तरी पुढचे पाय चालवत होती. ड्रायव्हरने डंपर मागे घेऊन तिला सोडवलं. सोडवलं म्हणजे काय, ते समजून घ्या. उरलेल्या पाल्याला आग लावली. सोळाव्या दिवशी तो डोंगर भादरलेल्या डोक्यासारखा उघडा, नुसता काळा दगड.

त्याच दिवशी आपल्या जुन्या बाजूला सुरुंग होते. सोळा भोकं.

साहेब, खुणा करू नका, मी विषयावरच आहे.

भावजी टेकाडाआड बसले होते. मी दोनशे पावलांवर छपराखाली. सुरुंग एकामागून एक उडाले आणि शिट्टी झाली. ही शिट्टी मी ऐकली, माझ्या बाजूच्या अकरा बायांनी ऐकली. शिट्टी झाली म्हणून माझा थोरला पहार घेऊन आत गेला. सव्वीस वर्षांचा होता, सुटलेले दगड पाडायचं त्याचं काम. जाताना मला म्हणाला, "आई, आज डबा लवकर खाऊन टाकू, पोटात कावळे ओरडताहेत." मी म्हटलं, "आधी काम कर, खादाडा." हे आमचं शेवटचं बोलणं. यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

त्याची पहार न उडालेल्या भोकात बसली.

बायांनो, ज्या माझ्याबरोबर होत्या त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना एवढंच सांगते, की ज्या पाटीत मी खडी वाहत होते, तीच पाटी घेऊन मी आत गेले, आणि ती रिकामी बाहेर आली नाही. पहार चाळीस पावलांवर सापडली, वाकून गोल झालेली.

दोन दिवसांनी खाणीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं: कामगार शिट्टी होण्यापूर्वी आत गेला, स्वतःच्या चुकीने मेला. ते वाचून दाखवायलाही सूनबाईच होती. तेव्हा त्याच्याशी तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून या खाणीत नवीन पोरगा आला की मुकादम त्याला सांगतो, "त्या अमक्यासारखी घाई करू नकोस." सूनबाई शेजारी क्रशरवर उभी असते. ऐकते, तोंडाला फडकं बांधते, काम करते.

आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलं नाही. भावजी, तुम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टँकरवर पाटी धुवायला गेले होते. तुम्ही टेकाडाआड तुमच्या नेहमीच्या जागी उभे होतात. मला वाटलं, रडायला आला असाल. तुम्ही दोन दगड उचलले आणि एकमेकांवर हाणले. टक्. आणि समोरच्या उघड्या डोंगरातून आवाज आला, टक्. तुम्ही पुन्हा हाणले, पुन्हा तो डोंगर बोलला. बावीस वर्षं त्याच जागेवरून तुम्ही मोजत होतात, आणि बावीस वर्षं समोरची झाडी आवाज गिळून टाकत होती. झाडी गेली, डोंगर उलटून बोलायला लागला. सुरुंग एकापाठोपाठ उडतात तेव्हा मागच्याचा परत येणारा आवाज पुढच्याच्या धडाक्यात बुडून जातो. शेवटच्याच्या मागे काही नसतं. त्याचा आवाज एकटा परत आला, आणि तुम्ही त्यालाही सुरुंग समजून खडा दिलात. डावा खिसा रिकामा झाला. एक भोक भरलेलंच राहिलं.

तुम्ही खाली बसलात आणि दोन्ही दगड तोंडावर मारून घेतलेत. ओठ फाटला. घरी येऊन म्हणालात, "पडलो, वहिनी." मी हळद दिली.

मग मी का बोलले नाही? कारण त्या घरात कमावते पुरुष दोघं होते, त्यातला एक पाटीत आला होता. उरलेल्यालाही घालवलं असतं तर चूल कशावर पेटली असती? साहेबांनी रजिस्टर लिहिलं, तुम्ही गप्प बसलात, मीही गप्प बसले. तिघांनी मिळून माझ्या पोराला उतावळा ठरवलं. यात मी स्वतःला सोडत नाही. पण आज तुम्हालाही सोडणार नाही.

कारण ते बघा, मानपत्राच्या चौकटीशेजारी निळी फाइल आहे. मानपत्रात लिहिलंय, 'एकतीस वर्षांत ज्यांच्या मोजणीत एकही चूक झाली नाही.' आणि फाइलमध्ये काय आहे? काल भावजींनी ती घरी आणली, उशाखाली ठेवली आणि जेवले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं. सूनबाईने वाचली. वस्तीच्या डोक्यावरची जी उतरण आहे, झाडी उरलेली तेवढी एकच, ती साफ करायची आहे. आणि पक्क्यांनी लिहून द्यायचंय, की माझ्या एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ही झाडं काढल्याने आवाजात, दगडांत, पाण्यात काही फरक पडणार नाही, खालच्या साठ घरांना धोका नाही. सही आत्ता करायची, हार घातल्यावर, फोटोसाठी. मग पाहुणे शिक्का मारतील.

माइक बंद केलात? करा. तीस वर्षं क्रशरशेजारी बोलतेय मी, मला माइक लागत नाही.

भावजी, जगात एकच माणूस आहे ज्याला पक्कं माहीत आहे, झाडं काढली की काय होतं. तो माणूस तुम्ही. ही सही केलीत, तर यापुढे त्या साठ घरांत जे पाट्यांतून उचलावं लागेल, त्याला तुम्ही चूक म्हणू शकणार नाही. मला भाषण नको, कारणं नकोत. एवढं सांगा. त्या दिवशी सुरुंग किती उडाले?

उठू द्या त्यांना. साहेब, हात सोडा त्यांचा. ते माझे दीर आहेत, तुमचा डंपर नव्हेत.

मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगते. ते म्हणाले, "पंधरा." आणि म्हणाले, "शिट्टी मीच मारली, वहिनी. पोरगा शिट्टीनंतरच गेला."

आणि ज्यांना दिसलं नसेल त्यांना सांगते, त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फाइल पाहुण्यांच्या मांडीवर ठेवली. कोरी.

साहेब, उद्या तुम्ही दुसऱ्या कुणाची सही घ्याल, ते मला कळतं. पण त्या माणसाला आज या हॉलमधल्या दोनशे जणांनी ऐकलेलं माहीत असेल. आणि पाहुणे, आज तर क्रशर बंद होता. तुम्हीही ऐकलंत.

मला बोलायला उभं केलंत, त्याबद्दल आभारी आहे. पाच मिनिटांची वीस झाली, चिठ्ठीतलं निम्मं राहून गेलं, आणि मोठ्यांसमोर आवाज चढला. हे सगळं म्हातारीचं समजून पोटात घाला. भावजींनी मात्र अजून माफी मागितलेली नाही. ती इथे मागायची नाही. घरी यायचं, सूनबाईसमोर उभं राहायचं आणि तिच्याकडे मागायची. ती देईलच असं मी सांगत नाही.