मिटलेला डोळा

(नाईलच्या पश्चिम काठावर, एका धन्यानं जिवंतपणीच स्वतःसाठी डोंगरात कोरवून घेतलेलं थडगं. भर दुपार, पण आत दिव्याच्या उजेडात भिंत रंगवणं चालू आहे.)

बाकेत : झालं का रे दादा? ही वीणा धरून खांदा निखळायला आला. आणि नाक जरा लहान काढ हं. धन्यांच्या थडग्यात कायमची बसणार आहे मी!

पाशेद : हलू नकोस.

बाकेत : सकाळपासून तोंडात मूग धरून बसलायस. वहिनीनं भाकरीबरोबर कांदा दिला नाही की काय?

पाशेद : गप बस गं, बाके.

बाकेत : बघू तरी. अगोबाई, बोटं काय जमलीत! पण डोळा? तू तांबड्या रेघेनं उघडा काढला होतास, त्यावर हे काळं काय ओढलंय?

पाशेद : दुरुस्ती. तांबडं माझं, काळं मुकादमाचं. त्याची काळी रेघ पडली की तसंच रंगवायचं.

बाकेत : मिटलेला? आंधळी केलीत मला?

पाशेद : थडग्यातलं गाणं आंधळ्यानंच म्हणायचं, असं धन्यांचं म्हणणं. त्यांच्या आजोबांच्या भिंतीवर आंधळा वीणेकरी आहे, वडिलांच्याही.

बाकेत : मग एखाद्या आंधळ्यालाच बसवा की.

पाशेद : त्यांना तुझाच गळा हवाय. मी मुकादमाला म्हटलं, माझ्या बहिणीला लख्ख दिसतं. इथं काढू ते मेल्यावर तिकडे खरं होतं, मग भिंतीवर खोटं कसं काढू?

बाकेत : चांगलं सुनावलंस! मग?

पाशेद : हसला. म्हणाला, चित्र खोटं ठरणार नाही. धनी तशी सोय करताहेत.

बाकेत : कसली सोय?

पाशेद : वीणा खाली ठेव आधी.

बाकेत : दादा, कसली सोय?

पाशेद : वैद्य बोलावलाय. तुझ्या डोळ्यांसाठी.

बाकेत : आणि हे मला आत्ता सांगतोस? इथं आणून बसवल्यावर?

पाशेद : वैद्य उद्या येणार होता गं! आज संध्याकाळच्या नावेनं तुला मावशीकडे धाडणार होतो. वहिनीनं बोचकंसुद्धा बांधलंय. पण सकाळी तुला घेऊन आलो, तर दारात पहारेकरी.

बाकेत : मला वाटलं, तुझ्या रंगांची राखण करायला बसलेत.

पाशेद : मी बोललोच नसतो, तर नुसती भिंतीवर आंधळी राहिली असतीस. बाकी काही नाही.

मुकादम (दारातून) : पाशेद! बहिणीला वर पाठव. वैद्य आलेत. घाबरू नको म्हणावं तिला, त्यांचा हात हलका आहे.

पाशेद : अजून चेहरा रंगवायचाय, मुकादम! तिला बसायला लागेल!

मुकादम : कशाला? डोळा तर मिटलेलाच काढायचाय.

बाकेत : दादा, दुसरी वाट?

पाशेद : थडग्याला दुसरी वाट नसते गं.

बाकेत : मग तो दिवा उचल. असा जवळ धर. अजून जवळ. तुझं तोंड नीट बघू दे मला.