इस्त्री केलेला फॉर्म

ताई : दार लोटून घे आणि बस. ताट अर्धं टाकून उठलीस म्हणे.

भिंगरी : बसत नाही. बसले की सांगायचं राहून जाईल.

ताई : मग उभ्याने सांग.

भिंगरी : मला घरी पाठवा.

ताई : तिसऱ्याच दिवशी? सकाळी तर गटाने तुला पुढारी केलं. आठही जणांचे हात वर होते.

भिंगरी : म्हणूनच. सकाळी तुम्ही अर्जाचा तास घेतलात ना, सह्या कशा गोळा करायच्या त्याचा. म्हणालात की दुसऱ्याची सही कोणी करायची नाही. एक खोटी निघाली की साठ खऱ्या असल्या तरी अर्ज केराच्या टोपलीत.

ताई : म्हणाले. दर वर्षी म्हणते.

भिंगरी : माझ्या फॉर्मवर पालकाची सही आहे ती माझी आहे. म्हणजे आईची सही मी केली आहे, तिला न विचारता. तिला एवढंच ठाऊक आहे की शाळेतर्फे नेतृत्व शिबिर आहे. कोणाचं, कशासाठी, काही माहीत नाही. माझ्याबद्दलसुद्धा नाही. झालं. सांगून झालं.

ताई : आता बस.

भिंगरी : बसते.

ताई : हे बघ, हे शिबिर सुरू करायच्या आधी मी सत्तावीस वर्षं नर्स होते. ऑपरेशनच्या आधी घरच्यांची सही घेणं माझ्याकडे असायचं. सहीवाचून डॉक्टर सुरीला हात लावत नसत, आणि मीही लावू देत नसे. तू सतरा वर्षांची. घरच्यांना पत्ता नाही. उद्या त्या मागच्या टेकडीवरून घसरलीस, तर मी कोणाला काय सांगू?

भिंगरी : मी घसरत नाही.

ताई : सगळे तसंच म्हणतात. ज्यांच्या पायाला मी पट्ट्या बांधल्या तेही म्हणायचे. सही खोटी असेल तर संध्याकाळच्या बसने तुला पाठवावं लागेल. मला आवडो न आवडो.

भिंगरी : पाठवा. बॅग भरूनच आले आहे. फक्त आमच्या गटाचा अर्ज सोडू नका. माझ्या वर्गातल्या दोघींना वसतिगृहातून काढलं, एकमेकींचा हात धरून जिन्यावर बसल्या होत्या म्हणून. त्यांना परत घ्या म्हणून अर्ज आहे, रविवारी शिक्षणाधिकारी येतील तेव्हा कोणीतरी तो उभं राहून वाचायलाच हवा. गटातल्या त्या चष्मेवाल्याला द्या. त्याचा आवाज माझ्याहून मोठा आहे.

ताई : आवाज मोठा आहे, पण तो दर तीन वाक्यांनी माफी मागतो. ते राहू दे. मला एक सांग, सही इतकी सफाईदार कशी आली? मी एवढी डोळ्यांत तेल घालून बघते, मला शंकाही आली नाही.

भिंगरी : सहा वर्षांचा सराव आहे. आई लॉन्ड्रीत काम करते. चादरी दाबायच्या रोलरमध्ये तिचा उजवा हात गेला, मी अकरा वर्षांची होते तेव्हा. तीन बोटं वळतच नाहीत. इस्त्री डाव्या हाताने शिकली, पण पेन काही धरता येईना. तेव्हापासून तिच्या सह्या मीच करते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, घरमालकाच्या कागदावर, विजेच्या ऑफिसात. सगळ्यांना माहीत आहे.

ताई : मग ती चोरी कशी?

भिंगरी : आमचा एक नियम आहे. आधी वाचून दाखवायचं. सगळं, बारीक अक्षरातलंही. तिचे हात इस्त्रीवर आणि कान माझ्याकडे. ती हं म्हणाली की सही करायची. हा एकच कागद मी वाचून दाखवला नाही.

ताई : हं.

भिंगरी : तुम्ही पण हं म्हणू नका ना.

ताई : बरं. थांब, फाइल काढते. बघू दे तरी तुझी करामत.

भिंगरी : फाइलमध्ये काय असणार? सही केलेल्या पानाचा फोटो मी नेटवरच टाकला होता.

ताई : नेटवरच्या फोटोवर नुसतं नाव नोंदवतात. कागद हातात पडल्याशिवाय मी कोणाला घेत नाही. चौतीस मुलं, चौतीस कागद. हा बघ तुझा.

भिंगरी : हा इथे कसा?

ताई : पोस्टाने. आणखी कसा येणार?

भिंगरी : पण मी पाठवलाच नव्हता. सही केली, फोटो टाकला आणि माझा धीर सुटला. चुरगाळून जीन्सच्या खिशात कोंबला, आणि जीन्स धुवायला टाकली. मला वाटलं, पार लगदा झाला असेल.

ताई : मग निवडीचं पत्र आलं तेव्हा?

भिंगरी : म्हटलं, नेटवरचंच धरलं असेल. देव पावला म्हणून गप्प बसले.

ताई : पण हा चुरगाळलेला वाटत नाही. नाही, थांब. उजेडात धरला की दिसतात रेघा. जाळं आहे नुसतं. आणि कोपऱ्यात हा चहाचा डाग.

भिंगरी : चहाचा नाही तो.

ताई : मग कशाचा?

भिंगरी : इस्त्रीचा. जरा जास्त तापली की कागद असा पिवळा पडतो. ताई, हा कोणीतरी इस्त्री केला आहे.

ताई : आता मला तो लिफाफा आठवतो. पत्ता असा काढला होता की एकेक अक्षर स्वतंत्र उभं. मला वाटलं, लहान भावाने लिहिला असेल.

भिंगरी : मला भाऊ नाही.

ताई : आणि हे मागच्या पानावर? आरोग्याचा रकाना. इतर सगळ्यांनी ‘काही नाही’ लिहून हात झटकले आहेत. तुझा एकटीचा नीट भरलेला. मी स्वयंपाकघरात तुझं कौतुकसुद्धा केलं.

भिंगरी : मी तो रकाना रिकामा सोडला होता.

ताई : वाच.

भिंगरी : ‘मधमाशी चावली तर खूप सुजते. गोळी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. सांगणार नाही, लपवेल. विचारावे.’

ताई : तर आहे का गोळी?

भिंगरी : आहे. काल टॉवेल काढताना सापडली. म्हटलं, मागच्या सहलीची राहिली असेल. ताई, हे अक्षर मी कधीच पाहिलेलं नाही. सहा वर्षांत तिने एक अक्षर काढलेलं मी पाहिलेलं नाही.

ताई : पाणी पी. पुढे काय करायचं ते तू ठरव. मी फोन केला तर सही तुमची का, एवढंच विचारीन. तुझ्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

भिंगरी : नको. मी लावते. पण तुम्ही इथेच बसा.

(फोन टेबलावर, स्पीकर चालू.)

आई : हॅलो, पटकन बोला, इस्त्री गरम आहे.

भिंगरी : मी आहे.

आई : तू? दिवसा? चावली का मधमाशी?

भिंगरी : नाही गं.

आई : मग कुठेतरी पडलीस.

भिंगरी : कोणी पडलं नाही. आई, इथे शिबिराच्या ताई बसल्या आहेत. तुझं बोलणं त्यांना ऐकू येतंय.

ताई : नमस्कार. शिबिराची प्रमुख बोलते आहे. मुलगी ठणठणीत आहे, आधी ते सांगते. फॉर्मवरच्या तुमच्या सहीबद्दल विचारायचं होतं.

आई : नमस्कार मॅडम. काय झालं सहीला? ओ काका, पँट संध्याकाळी मिळेल, सहाच्या आत नका येऊ. हां, बोला.

ताई : सही तुमची आहे का?

आई : माझीच.

भिंगरी : आई, खोटं नको बोलूस. मी सांगितलंय त्यांना.

आई : सांगितलंस? स्वतःहून?

भिंगरी : स्वतःहून.

आई : बरं केलंस. तरी सही माझीच. मॅडम, सहा वर्षं मला दुसरी सही नाही. ती करते तीच.

भिंगरी : फॉर्म तू पाठवलास?

आई : मग काय चालत गेला? चौदा वर्षं लॉन्ड्रीत काढली मी. खिसा रिकामा केल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जात नाही. लोकांच्या खिशात मला चाव्या सापडल्या, प्रेमपत्रं सापडली, एकदा तर आजोबांची कवळी. सगळ्या गावाचे खिसे तपासायचे आणि पोटच्या पोरीचा सोडायचा?

भिंगरी : वाचलास?

आई : वाचला. हात गेलाय माझा, डोळे आहेत.

भिंगरी : सगळा?

आई : बारीक अक्षरातलाही. त्या दिवशी एक शर्ट जाळला.

भिंगरी : तो निळा? तू म्हणालीस कापडच कुजकं होतं.

आई : कापड चांगलं होतं. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

भिंगरी : रागावली होतीस?

आई : घाबरले होते. लाजबीज काही नाही, नुसती भीती. म्हटलं, ही एकटीच केव्हापासून हे घेऊन फिरते आहे, आणि मी रोज हिला विचारते की डबा संपवलास का. मग कागद उलगडला आणि इस्त्री फिरवली. दुसरं मला येतं काय?

भिंगरी : मग बोलली का नाहीस?

आई : वाट बघत होते. आज वाचून दाखवेल, उद्या वाचून दाखवेल. तू आपली भांडी घासतेस काय, फरशी पुसतेस काय. इतकी गुणी तू जन्मात कधी नव्हतीस. मी विचारलं असतं तर म्हणाली असतीस, मला नाही जायचं. चुरगाळलास म्हणजे जायचं तर होतं. नको असता तर फाडला असतास.

ताई : तो मजकूर तुम्ही डाव्या हाताने लिहिलात?

आई : चार दुपारी लागल्या मॅडम, त्या दोन ओळींना. पत्त्याला आणखी एक. आमच्या मालकिणीला वाटलं, मला वेड लागलं, जुन्या पावत्यांच्या पाठीमागे मी अ आ गिरवते. पण ही लपवते हो. मागच्या वर्षी माशी चावून कान पावासारखा फुगला, तरी म्हणते काही नाही. कोणाला तरी सांगून ठेवायला हवं होतं.

ताई : ते वाचून मी गोळ्यांचा आणखी एक डबा आणून ठेवला आहे.

आई : मग माझी काळजी मिटली. तुम्ही आधी नर्स होता का?

ताई : कसं ओळखलंत?

आई : इस्पितळाच्या चादरी आमच्याकडे येतात. तिथल्या बायका फोनवर अशाच बोलतात. आधी सांगतात की पेशंट बरा आहे.

भिंगरी : आई, ताई म्हणतात सही खोटी असेल तर मला संध्याकाळच्या बसने घरी यावं लागेल.

आई : का? मी हो म्हणते आहे ना?

ताई : तुमचं हो मला पुरेसं आहे. पण मुलीला पुरेसं आहे का ते तिला विचारा. चोरीच्या सहीवर मी पुढारी कशी, असं म्हणत ती बॅग भरून आली आहे.

आई : बॅग भरून? भिंगरे, बॅग सोड आधी.

भिंगरी : सोडते.

आई : आणि ऐक. सही केलीस त्याचं मला काही नाही. मनाला लागलं ते एवढंच, की वाचून दाखवलं नाहीस. आपलं तसं ठरलं नव्हतं.

भिंगरी : नव्हतं.

आई : मॅडम, तुमच्याकडे कोरा फॉर्म असेल का?

ताई : हाच चालेल. जुन्या सहीवर मी काट मारते, बाजूला जागा आहे. फोनवर माझ्यासमोर वाचून दाखवला, असं मी साक्षीदार म्हणून लिहीन.

आई : झालं तर मग. वाच गं. मी इस्त्री घेते हातात, तू कर सुरू.

भिंगरी : आत्ता? सगळं?

आई : विजेचं बिल वाचतेस तसं.

भिंगरी : ‘उन्हाळी नेतृत्व शिबिर. समलिंगी, ट्रान्स आणि सर्व एलजीबीटी तरुण कार्यकर्त्यांसाठी.’

आई : हं.

भिंगरी : ‘कालावधी सात दिवस. सभा चालवणे, अर्ज लिहिणे, लोकांपुढे बोलणे यांचे शिक्षण.’

आई : बोलायला शिकवा हो हिला. हं.

भिंगरी : ‘प्रत्येकाने आपली चादर आणावी.’

आई : दोन दिल्यात. पुढे.

भिंगरी : ‘स्वतःबद्दल थोडक्यात.’

आई : थांबलीस का?

भिंगरी : तू वाचलंयस ना हे.

आई : वाचलंय. ऐकलेलं नाही.

भिंगरी : ‘मला मुली आवडतात. बारा वर्षांची असल्यापासून मला हे माहीत आहे. वर्गातल्या दोघींना वसतिगृहातून काढलं तेव्हा मी गप्प बसले, कारण मला माझीच भीती वाटली. पुन्हा गप्प बसायचं नाही म्हणून मला यायचं आहे. माझ्या तीन मैत्रिणींना हे माहीत आहे. आईला माहीत नाही.’

आई : हं.

भिंगरी : नुसतं हं?

आई : सहा वर्षं दुसरं काय म्हणते मी? हं म्हणजे कर सही. रडू नको, कागद भिजेल, पुन्हा इस्त्रीला कोण आणून देणार?

भिंगरी : तूच रडते आहेस.

आई : वाफ आहे ती. आणि ते शेवटचं वाक्य खोड. आता खरं नाही ते.

ताई : मध्ये बोलते, माफ करा. मजकुरात काही खोडलं तर तिथेही पालकांची सही लागते. नियम माझाच आहे.

आई : मग दोन कर, भिंगरे.