डावखुरं धनुष्य

२०२३ साली अमेरिकेतल्या कॅरी गावी, धनुष्यांच्या दुकानात यामिनीकाकू मुलाची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी प्रीता नावाची मुलगी नवं धनुष्य घेऊन वडिलांशी बोलत होती.

“बाबा, सगळे बाण डावीकडेच जातायत. शनिवारी हंटिंग सीझन सुरू होतोय.”

“धनुष्यावरची नेमाची साइट अ‍ॅडजस्ट कर ना.”

“दोनदा केली. दुकानवाला म्हणतो, माझा डावा डोळा स्ट्राँग आहे, नेम त्यानेच धरला जातो. डावखुरं धनुष्य घे.”

“काहीतरीच. तू उजव्या हाताने जेवतेस.”

“तू डाव्या हातावर चापट मारायचास म्हणून.”

“तुझ्या आजीला डाव्या हाताने जेवलेलं चालायचं नाही गं.”

“आणि हरीण नुसतं जखमी होऊन पळालं, तर ते चालेल?”

“…बदलून घे.”

प्रीताने डावखुऱ्या धनुष्याच्या सरावासाठी तो शनिवार सोडला आणि नोव्हेंबरात एका बाणात हरीण पाडलं. बाबांनी त्याचा रस्सा केला. दुकानात हे सगळं ऐकलेल्या यामिनीकाकूंचाही डावा हात लहानपणी असाच चापट मारून सोडवला होता; त्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा डाव्या हाताने जेवू लागल्या.