वायरलेसवर सांगितलेली जागा

लस टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगितलं होतं, म्हणून मी बाळाच्या कपाळाला सारखा हात लावत हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. शेजारी एक बहीण-भाऊ होते. भावाच्या बोटीवर बहिणीच्या नवऱ्याचा हात जाळ्याच्या दोरात सापडला होता आणि आत ऑपरेशन चालू होतं.

"वायरलेसवर मदत कधी मागितलीस, दादा?"

"लगेच. इंजिनही बंद पडलेलं. दुसरं काय करणार?"

"मग बोट यायला दोन तास का लागले?"

"समुद्र म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे?"

"हे म्हणत होते, बोट आधी भलतीकडेच गेली."

"शुद्धीवर होता होय तो?"

"मी तुला विचारतेय."

"वायरलेस सगळेच ऐकतात गं. मासे लागतात ती जागा कुणी खरी सांगतं का? बाबांनी शोधलेली जागा ती. रोज दक्षिणेची खोटी जागा सांगतो, तीच तोंडातून गेली."

"यांनी ऐकलं नाही?"

"ऐकलं ना. म्हणाला, दादा, खरी सांग."

"मग?"

"म्हटलं, मदतीची बोट निघू दे, मग सांगतो."

"रक्त जात असताना?"

"टॉवेल बांधला होता गं मी. घट्ट."

नर्स कागद घेऊन आली.

"हात किती वाजता सापडला? डॉक्टरांना हवंय."

"नऊला."

"दादा, इथे कुणी बोटवाले ऐकत नाहीयेत."

नर्स पेन धरून थांबली.

"सातला," तो म्हणाला.

नर्सने लिहिलेले नऊ खोडले.